शाळेशी सोयरीक

आमच्या साडूइतका चिकित्सक माणूस बीड जिल्ह्यात दुसरा जन्मला असेल, तर तो अजून घराबाहेर पडलेला नसणार. उंबऱ्याचं लाकूड कुठल्या झाडाचं, याची चौकशी करत आतच बसलेला असणार. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचा नवरा. राहणार युसूफ वडगावच्या पलीकडल्या एका लहानशा गावात. शेती आणि दुभती जनावरं हा धंदा, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे दिवसभर, पारख. बाजारात वांगी घेताना तो वांग्यांकडं बघतच नाही, विकणाऱ्याच्या नखांकडं बघतो. केजच्या स्टँडवर एसटी लागली की सगळी दुनिया दाराला लोंबकळते, आणि हा गडी शांतपणे पुढं जाऊन ड्रायव्हरच्या डोळ्यांत डोकावतो. एकदा माझ्यादेखत त्यानं पिशव्यांसह चढून जागा धरलेल्या बायकोला खाली उतरवलं, कारण ड्रायव्हरनं जांभई दिली होती. ‘‘ज्याची सोताची झोप झाली न्हाई, त्याच्या हाती माझं खटलं कावून देऊ?’’ पुढची गाडी यायला ऊन उतरलं. तिचा ड्रायव्हर अगदी ताजातवाना होता. गाडीच वाटेत बंद पडली. खुद्द स्वतःचं लग्न ठरवताना, मेव्हणीनं पोह्यांची ताटली पुढं केली, तर हा म्हणाला, ‘‘गोठा कुठंय?’’ पाव्हणे मंडळी पोहे टाकून गोठ्यात. त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, म्हैस हलली नाही. ‘‘ज्या घरची म्हैस बुजत न्हाई, त्या घरात आरडाओरड नसती,’’ असं म्हणून त्यानं तिथंच पसंती दिली. माझे सासरे आजही आल्यागेल्याला सांगतात, की जावयानं आमची म्हैस पसंत केली, पोरगी आम्ही सोबत दिली.

अशा माणसाला श्रावणी ही एकुलती एक लेक. गावातली शाळा चौथीपर्यंत. पोरगी हुशार, पाढे तर अशी म्हणायची की शेजारच्या गल्लीतली कोंबडी अंडं द्यायची थांबून ऐकायची. तिला पाचवीला चांगल्या शाळेत घालायचं आणि त्यासाठी गाव सोडून बिऱ्हाड करायचं, हे घरात ठरलं. आता बिऱ्हाड हलवणारा माणूस आधी काय बघतो? नळाला पाणी किती दिवसांनी येतं, दवाखाना किती लांब, घरमालक कटकट्या आहे का. आमच्या साडूनं फतवा काढला, की आधी शाळा, मग गल्ली, मग घर. शाळा चांगली असेल तिथलीच गल्ली धरायची, आणि गल्ली चांगली असेल तर घर कसंही चालेल.

‘‘पाव्हणं, पोरगी द्यायची हाय शाळंला,’’ तो मला म्हणाला. ‘‘पाच-सहा वर्सं नांदायची हाय तिला तिथं. घराणं बघितल्याबिगर देऊ का?’’

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण माणूस खरोखरच स्थळ बघायला निघाला होता. स्थळ बघायला एकट्यानं जात नाहीत, म्हणून सोबत त्याचे थोरले चुलते आप्पा, शिवाय गावचे माजी सरपंच, आणि मध्यस्थ म्हणून मी. माझी लायकी एवढीच, की मी केजात राहतो.

पहिलं स्थळ बीडचं होतं. फाटक असं, की त्यातून आख्खा साखर कारखाना आत गेला असता. कमानीवर पहिल्या आलेल्या मुलांचे मोठमोठे फोटो. साडूनं मान वर करून एकेक चेहरा न्याहाळला आणि फाटकावरच्या वॉचमनला विचारलं, ‘‘हुशार पोरं वर टांगलीत. बाकीची कुठं ठिवलीत?’’ तिथूनच आम्ही परत फिरलो. ‘‘ज्या घरात एका पोराचं कवतिक आन् बाकीच्यांचं नाव न्हाई, त्या घरात माझी लेक द्यायची न्हाई.’’ आप्पांना मात्र आत चहा मिळाला असता याची हळहळ लागली, ती परतीच्या वाटेवर नेकनूर येईपर्यंत.

दुसरं स्थळ आमच्या केजातलं. जुनी, रंग उडालेली, पण नाव राखून असलेली शाळा. आमच्या जिल्ह्यात इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं एकदम दारात उभी राहिली, की कुठलाही साहेब आधी खुर्चीतून उठतो आणि मग ओळख विचारतो. मुख्याध्यापकही उठले. शिपायाला डोळ्यांनीच चहा सांगितला. आप्पा समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

‘‘भाऊ किती तुमी?’’

‘‘तिघं,’’ मुख्याध्यापक गडबडून म्हणाले. ‘‘का हो?’’

‘‘येकत्रच?’’

‘‘नाही, आता वेगळे आहोत.’’

‘‘पर बोलणं हाय ना येकमेकांत?’’

‘‘आहे की!’’

‘‘मग बरं हाय,’’ असं म्हणून आप्पांनी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली आणि मुख्याध्यापकांच्या डोक्यावर टोपी चढवली. बिचारे टोपी चाचपत म्हणाले, ‘‘अहो, माझ्या निवृत्तीला अजून अवकाश आहे!’’

तोवर साडू शाळेत फिरून आला होता. मुलींच्या संडासाची कडी आतून लागते का, हे त्यानं शिपायाला आत घालून तपासलं. नळाचं पाणी ओंजळीनं प्यायलं. मग एका वर्गाच्या खिडकीखाली डोळे मिटून उभा राहिला. त्याचं एक शास्त्र आहे: मास्तर ओरडत असेल तर शाळा भेदरलेली, पोरं ओरडत असतील तर शाळा जिवंत, आणि दोघंही गप असतील तर आत कुणी नाहीच. पण या कशावरच त्याचं मत ठरलं नव्हतं. तेवढ्यात मैदानात एक मुलगी पडली. एका बाईंनी तिला ओट्यावर बसवून स्वतःच्या पाण्याच्या बाटलीनं तिचा गुडघा धुतला, तेही तिला रागावत रागावत. साडू खांबाआडून बघत होता. माझ्याजवळ येऊन कानात एवढंच म्हणाला, ‘‘जमतंय.’’

इथवर सगळं ठीक होतं. निघताना मात्र त्यानं हात जोडले आणि मुख्याध्यापकांना म्हणाला, ‘‘मग सर, तुमी कवा येताय तिकडं?’’

त्यांना वाटलं, काहीतरी सत्कार-बित्कार असेल. ‘‘येऊ की. तुम्ही कळवा.’’

‘‘आमी कसं कळवणार? तुमी कळवायचं.’’

‘‘बरं, कळवतो,’’ मुख्याध्यापक म्हणाले, आणि आम्ही एकदाचे गेलो म्हणून टोपी काढून बसले.

मुलीकडच्यांनी घर बघून यायचं, पसंतीचा निरोप मुलाकडून यायचा, आणि तो येईस्तोवर मुलीकडच्यांनी मागं लागायचं नाही, ही रीत. साडू रीतीला पक्का. शिवाय उन्हाळ्यात मास्तरमंडळी वर्गाचा पट भरायला पोरं शोधत गावोगाव हिंडतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळं सर येणार, यात त्याला शंकाच नव्हती. त्यानं ओसरीला चुना दिला. मेव्हणीनं चिवडा करून ठेवला. तो मऊ पडला, म्हणून पुन्हा नवा केला. लांबून धूळ उडवत गाडी दिसली की श्रावणीला तोंड धुवायला पिटाळायचं. पोरीचं तोंड त्या महिन्यात इतकं धुतलं गेलं, की ती उजळून ओळखू येईना. दुसऱ्या दोन-तीन शाळांचे मास्तर खरोखरच दारात आले. त्यांना चहा पाजून साडू म्हणायचा, ‘‘उशीर केला सर. आमचं ठरल्यात जमा हाय.’’ मी फोनवर विचारलं, तर मलाही तेच उत्तर. मी समजलो, प्रवेश झाला.

त्या भरवशावर त्यानं गल्ली शोधायला घेतली. शाळेभोवतालच्या गल्ल्यांतून तो असा फिरला, की लोकांना निवडणूक लागल्याचा वास आला. पोरं शाळेतून कशी परततात, धावत का रेंगाळत. संध्याकाळी कुठल्या घरात टीव्ही मोठा आणि कुठल्या घरात पाठांतर मोठं. एका घरमालकाला त्यानं भाड्याचा शब्द न काढता विचारलं, ‘‘तुमची मालकीण पोरांच्या अभ्यासावरनं वरडती का?’’ मालक घरात बघून दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘लई वरडती.’’ खोली पसंत. वर तिथं शाळेची घंटा चक्क चुलीपर्यंत ऐकू यायची. शाळा भरायच्या आधीच भांडी, गादी, लोखंडी पेटी आणि मेव्हणीची तुळस टेम्पोत घालून बिऱ्हाड येऊन पोचलं.

शाळा भरली. निरोप आला नाही. माझी बायको त्यांच्याकडं डबा घेऊन गेली होती, ती तशीच धावत घरी आली. ‘‘आहो, पोरगी घरीच हाय! तिचं नावच घातलं न्हाई कुणी! तुमी मध्यस्थ ना?’’

मी तडक गेलो. साडू भिंतीला टेकून बसला होता. सकाळी शिपायाकडून कळलं होतं, की पाचवी भरली. ‘‘घर दाखवलं, चहा पाजला, कळवतो म्हणले,’’ तो म्हणाला. ‘‘आता जागा न्हाई म्हणत्यात. ठरलेलं मोडलं म्हणायचं का हे, पाव्हणं?’’ मला हसू आवरेना. पण तेवढ्यात शाळेची घंटा झाली, श्रावणीनं दप्तराकडं बघितलं, आणि माझं हसू जागीच विरलं. दारात आलेल्या शाळा आपण परत पाठवल्या, हे त्याला आता कळत होतं. पोरीचं वर्ष त्याच्या हातून निसटायला आलं होतं.

‘‘चला, भेटू सरांना,’’ मी म्हणालो.

‘‘मुलीकडच्यांनी जायचं?’’

मेव्हणी आतून म्हणाली, ‘‘तुमी जात नसचाल तर मी जाते. मग बसा रीत धरून.’’

या खेपेला आप्पा नव्हते, सरपंच नव्हते, इस्त्रीही नव्हती. मुख्याध्यापकांनी आम्हाला बघितलं आणि आधी डोक्याला हात लावून टोपी नाही ना याची खात्री केली. सगळी हकिगत ऐकून ते कपाळ चोळत म्हणाले, ‘‘अहो, मी तुम्हाला तपासणीवाले समजलो होतो! तुम्ही गेल्यावर सगळे नळ दुरुस्त करून घेतले मी.’’ मग गंभीर होत म्हणाले, ‘‘दोन्ही तुकड्या भरल्या. तिसरी काढतोय, पण मागच्या पत्र्याच्या शेडात. बाकं आलेली नाहीत. शिक्षक कोण येणार, तेही ठरलेलं नाही. आधी बघून या, मग सांगा.’’

मी साडूकडं बघितलं. खिडकीतून ते शेड दिसत होतं. मान वळवली असती तरी पुरे होतं. त्यानं मान वळवली नाही.

‘‘बघायचं न्हाई, सर,’’ तो म्हणाला. ‘‘बसवा तिला.’’

श्रावणी त्याच दुपारी सतरंजीवर जाऊन बसली.

शेती आणि जनावरं सोडून साडूला गाव सोडता येत नाही. मायलेकी केजात राहतात, आणि तो दर रविवारी काळी-पिवळी जीपनं दुधाची बरणी मांडीवर घेऊन येतो. परवा त्याच्यासोबत मीही गेलो होतो. श्रावणी घरात नव्हती, दोन दारं सोडून मैत्रिणीकडं खेळायला गेली होती. मेव्हणी म्हणाली, ‘‘हाक मारू का? बापाची वाट बघायची रोज. आता रविवारी घरात पाय ठरत न्हाई तिचा.’’

‘‘नगं,’’ साडू म्हणाला. ‘‘खेळू दे. रमली.’’

आणि तो पायरीवर, पोरींचा गलका ज्या दारातून येत होता तिकडं तोंड करून, परतीच्या गाडीची वेळ होईस्तोवर बसून राहिला.