उशिरा वाजवलेले तीन सूर

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. ऑर्केस्ट्रातली आमची माणसं कधीच पांगली, त्यांना विचारलंत तर ती म्हणतील, कसला भला माणूस! तुम्ही मला ओळखत नाही. एका परीनं बरंच आहे ते.

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. गल्लोगल्ली व्हिडिओ गेमची दुकानं निघाली होती, आणि आमच्या मास्तरांच्या डोक्यात खूळ शिरलं — स्टेजवर मोठा टीव्ही ठेवायचा, मोटारींच्या शर्यतीची स्पर्धा लावायची, आणि संगीत आम्ही तिथल्या तिथं द्यायचं. गाडी पळाली की ऑक्टोपॅड पळायचा, आपटली की झांज. पब्लिक येडं व्हायचं. टीव्हीचा आवाज त्या दणदणाटात कोण ऐकणार? तो बंदच असायचा. अवघड वळणाआधी गेममध्ये तीन सूर वाजत, ते मी वाजवायचो. वळण उजवं असेल तर चढते, डावं असेल तर उतरते. सगळी वळणं मला पाठ होती.

उत्तम माझा शाळेपासूनचा दोस्त. कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर होता. त्याला हळूहळू दिसेनासं होत चाललं होतं — रंग दिसायचे, कडा दिसत नव्हत्या. हे त्याच्या बायकोला ठाऊक आणि मला. लेथवर तो हाताच्या अंदाजानं आणि कानानं काम ओढायचा. आणि गेम? गेम तो माझ्या तीन सुरांवर खेळायचा. तिसरा सूर, की मनगट वळलंच. तीन कार्यक्रमांत त्याला कुणी हरवू शकलं नाही. "कुटं बोलू नगंस गड्या, मशीन जाईल माझं," एवढंच त्यानं मला एकदा सांगितलं होतं. मी कुठं बोललो नाही. हो, बोललो तर नाहीच.

मग साताऱ्याच्या कार्यक्रमाचं हँडबिल छापून आलं. वर ठळक अक्षरांत उत्तमचं नाव. खाली गायक, गायिका, निवेदक. माझं नाव कुठंच नव्हतं. मास्तर म्हणाले, जागा पुरली नाही. उत्तमला ते वाचताही येत नव्हतं, मीच त्याला वाचून दाखवलं. तो लाजला, आणि म्हणाला, तुझं कुटं हाय? मी म्हटलं, आहे की खाली. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून माणूस जळतो का? मी जळलो. आठ दिवस अन्न गोड लागलं नाही.

त्याच आठवड्यात कुपवाडच्या वस्तीत आंबेडकर जयंतीला आमचा कार्यक्रम होता. बुद्धविहाराशेजारचं समाजमंदिर, भर दुपार, पत्र्याखाली माणूस मावत नव्हतं. पाहुण्यांच्या खुर्चीत उत्तमच्या वर्कशॉपचे मालक बसलेले. ते आलेत हे मला माहीत नव्हतं, असं म्हणू? माहीत होतं. मीच त्यांना उठून नमस्कार केला होता.

शेवटच्या फेरीत मी सूर उशिरा वाजवले. फार नाही, डोळा मिटून उघडावा एवढाच उशीर. पहिल्या वळणाला गाडी आपटली. झांज वाजली, लोक हसले. दुसऱ्या वळणालाही तेच. मला वाटलं होतं, हरेल, चिडेल, विषय संपेल. पण उत्तम घाबरला. तो खुर्चीतून उठला, टीव्हीपाशी गेला, आणि नाक काचेला टेकेपर्यंत वाकून रस्ता शोधायला लागला. हसू थांबलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आरं, ह्याला दिसत न्हाई व्हय?" मालक पुढं सरकून बघत होते. माझी बोटं तेव्हाही चालूच होती.

पुढच्या सोमवारी वर्कशॉपनं त्याचे डोळे तपासून घेतले. मशीन गेलं. दुसरं काम दिलं नाही. बायको पलूसकडं द्राक्षबागेत मजुरीला जायला लागली. लोक म्हणाले, बरंच झालं, नाहीतर एखाद्या दिवशी हात गेला असता. मीही स्वतःला किती वर्षं हेच सांगत आलो! पण सूर वाजवताना त्याचा हात वाचवायचं माझ्या मनात नव्हतं.

आणि मी ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून पुढंच आहे. महिन्यानं तो घरी आला. बायकोचा हात धरून. चहा घेतला नाही. म्हणाला, "खरं सांग. सूर वेळंवर आलं व्हतं न्हवं? का माझा कानच चुकला?"

एक शब्द पुरला असता. डोळे तर गेलेच होते, त्याच्याजवळ कानच उरला होता, आणि तो शाबूत आहे की नाही एवढंच तो विचारत होता. मी म्हणालो, "वेळेवरच वाजवले होते. तूच चुकलास." त्यानं मान हलवली. मला तसदी दिल्याबद्दल माफी मागितली — त्यानं, माझी.

दोनेक वर्षांनी कुपवाडच्या फाट्यावर तो मला दिसला. काठी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा. दुपारचा रस्ता रिकामा होता, लांबवर कशाचाही आवाज नव्हता. तरी तो जागचा हलत नव्हता. माझी चाहूल लागल्यावर म्हणाला, "गाडी येतीया का वं? कायबी ऐकू येईना, पर माझ्या कानाचा भरवसा न्हाई." मी काही न बोलता त्याचा हात धरला आणि त्याला पलीकडं नेलं. त्यानं दोनदा विचारलं, कोण म्हणायचं आपण?

बोललो असतो तर त्यानं आवाज ओळखला असता. मी हात सोडला आणि निघून आलो.