फ्लिंटची ब्यूकवाली

फ्लिंटमध्ये नव्या माणसाला कुणी 'काय करतोस' असं विचारत नसे. 'कुठे आहेस?' एवढंच विचारत, आणि उत्तर बहुतेक वेळा दोनांपैकी एक असे: गाड्यांच्या दोन कारखान्यांपैकी ब्यूकमध्ये किंवा शेव्हरोलेत. अर्डेला व्हिटलोचं घर ब्यूकचं. तिचे वडील टॉली दुसरं महायुद्ध संपल्यावर आर्कान्साची कापसाची शेतं मागे टाकून मिशिगनला आले आणि ब्यूकच्या फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामावर, लागले. त्या काळी गाड्यांच्या कारखान्यांत काळ्या माणसाच्या वाट्याला बहुधा फाउंड्री यायची नाहीतर झाडू. टॉलींनी फाउंड्री घेतली. "झाडूच मारायचा तर आर्कान्सा काय वाईट होतं?" असं ते म्हणत.

काही वर्षांनी त्यांनी स्वतःसाठी ब्यूक घेतली. जुनीच, १९५१ची स्पेशल, पण चर्चसमोर उभी केली की नवरीसारखी दिसे. त्या वेळच्या ब्यूकच्या पुढच्या मडगार्डांवर ओळीने गोल भोकं असत. साध्या गाडीला बाजूला तीन आणि सगळ्यांत महागड्या रोडमास्टरला चार. गाडी किती मोठी ते बघायला नाव वाचावं लागत नसे, भोकं मोजली की झालं. चर्चमधल्या एका गृहस्थाने आपल्या तीन भोकांच्या गाडीला घरीच चौथं भोक पाडून घेतलं आणि टॉलींनाही सल्ला दिला, "तूही पाड की! कोण बघायला येतंय?"

टॉली म्हणाले, "भोकं पाडून मोठं होता येत असतं, तर फाउंड्रीच्या ठिणग्यांनी माझ्या शर्टांना पाडलेली भोकं मोज. मी आत्तापर्यंत मॅनेजर झालो असतो."

चर्चच्या पायरीवर उभी असलेली सगळी बायकामंडळी हसली. अर्डेला तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. आपला बाप शहाणा आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

रविवारच्या जेवणात मक्याचा पाव मोडता मोडता टॉली मुलांना ब्यूकची गोष्ट सांगत. हा ब्यूक मूळचा स्कॉटलंडचा. नळाचं, बाथटबांचं काम करायचा. ओतीव लोखंडाच्या टबावर पांढराशुभ्र मुलामा कसा चढवावा हे त्याने शोधून काढलं होतं. त्यावर जन्मभर आरामात खाल्लं असतं, पण त्याला इंजिनाचं वेड लागलं. टबाचा धंदा विकला, इंजिनं केली, गाडी केली, आणि हातात काही राहिलं नाही. कंपनी दुसऱ्यांनी वाढवली. म्हातारा शेवटी डेट्रॉइटमध्ये गरिबीत गेला.

"आणि नाव तेवढं राहिलं," अर्डेलाची आई म्हणे. "नाव खाऊन पोट भरतं का?"

"नाही भरत," टॉली म्हणत. "म्हणून म्हणतो, पोरांनो, युनियनची वर्गणी वेळेवर भरा."

१९६९ साली अर्डेलाही ब्यूकमध्ये लागली. फाउंड्रीत नाही, काळ बदलला होता. तिला दारांवर टाकलं. पट्ट्यावरून गाडी सरकत यायची, दाराच्या कडेने रबर बसवायचं, दार लावून बघायचं, पुढची गाडी. पहिल्या महिन्यात बोटं इतकी सुजली की तिला चमचा धरवेना. आई तिला भरवायची आणि वर टोमणा मारायची, "आणखी शिक म्हटलं होतं तुला!" पण बोटं सरावली. पुढे तिचं लग्न झालं. नवरा हार्लन शहराची बस चालवायचा. शांत माणूस, बोलण्यापेक्षा गुणगुणायचा जास्त. रेनिटा नावाची एक मुलगी झाली. हार्लन हृदयविकाराने गेला तेव्हा रेनिटा अटलांटाला नोकरीला लागली होती. अर्डेला घरात एकटी राहिली.

कारखाना बंद होणार हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. १९९९च्या वसंतात अर्डेलाने ब्यूकचीच एक डाळिंबी रंगाची लसेबर घेतली. याच कारखान्यात जुळवलेली. हिच्या दारांना हात आपलाच लागला असेल की पट्ट्यावरच्या शेजारणीचा, हे तिला सांगता आलं नसतं, पण दोघींपैकी एकीचा लागलाय एवढं पुरे होतं. जूनमध्ये शेवटची लसेबर पट्ट्यावरून उतरली. अर्डेला तिच्या मागे रडत वगैरे गेली नाही. दोन मैत्रिणींना घेऊन कोनी खायला गेली. पावातल्या सॉसेजवर सुका खिमा, मोहरी, कांदा, असं फ्लिंटला जसं करतात तसं. तिथे मात्र तिघींनाही घास उतरेना. तशाच उठल्या.

पुढची पंधरा वर्षं ती आणि लसेबर दोघी निवृत्त बायकांसारख्या राहिल्या. चर्च, बाजार, उन्हाळ्यात अटलांटा. पोरंटोरं ब्यूकला म्हाताऱ्यांची गाडी म्हणत. अर्डेला म्हणे, "मग बरोबरच आहे की! मीही म्हातारीच आहे."

२०१४च्या वसंतात शहराने पाणी बदललं. आधी लांबच्या सरोवराचं यायचं, ते बंद करून फ्लिंट नदीचं सुरू केलं. काही दिवसांतच नळाला रंग आला, वास आला. अंगाला खाज सुटू लागली. वरून सांगितलं जायचं, पाणी चांगलं आहे. ऑक्टोबरमध्ये अर्डेलाचा धाकटा भाऊ लॉन्झो तिच्याकडे जेवायला आला. त्याचे मित्र अजून इंजिनाच्या कारखान्यात होते.

"ताई, ऐकलंस का? कारखान्याने नदीचं पाणी घ्यायचं बंद केलं. सुटे भाग गंजायला लागले म्हणे."

अर्डेलाने हातातला पेला खाली ठेवला. "लोखंडाला सोसत नाही?"

"नाही."

"आणि आपण पितोय?"

लॉन्झोने आपला पेला दूर सारला. तिने शेगडीवरचं भाताचं भांडं उचललं, मोरीत ओतलं, आणि लसेबरची किल्ली घेतली. शेजारच्या गावातून ती पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊन आली. त्या दिवसापासून तिने नळाचा थेंब तोंडात घातला नाही.

पुढे नदीच्या पाण्याने शिशाचे जुने नळ झिजून पाण्यात शिसं उतरत असल्याचं बाहेर आलं, आणीबाणी जाहीर झाली, आणि शहरात ठिकठिकाणी फुकट पाणी वाटायला लागले. पण खोके घ्यायला गाड्यांच्या रांगा लागत, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचं काय? अर्डेलाच्या गल्लीत अशी म्हातारी माणसं बरीच होती. लसेबरची डिकी मोठी. अर्डेला रांगेत उभी राही, डिकी भरून घेई, मागची सीट भरून घेई आणि घराघरांत खोके पोचवी.

सगळ्यांनी घेतलं, पिलार्स्कीने घेतलं नाही. हा तिच्यापासून चौथ्या घरात राहणारा पोलिश म्हातारा. बायको वारलेली, मुलं नाहीत, आणि अख्खं आयुष्य शेव्हरोलेत काढलेलं. गाडी होती, पण पाण्याच्या रांगेत तो कधी दिसला नव्हता. तीस वर्षं दोघांची ओळख होती, म्हणजे तीस वर्षं ते एकमेकांना गाडीवरून बोलत होते. तो तिला नावाने हाक मारत नसे. ब्यूकच म्हणे.

अर्डेलाने दार ठोठावलं.

"कोण आहे?"

"पाणी."

"मी पाणी पीत नाही, ब्यूक. मी बिअर पितो."

"मग बिअरने आंघोळ कर. वासात फार फरक पडायचा नाही."

आतून कडी वाजली. मग दार फटीएवढं उघडलं. म्हातारा तिच्याकडे न बघता मागे गाडीकडे बघत होता. ओझ्याने लसेबरचा मागचा भाग पार खाली बसला होता.

"तुझ्या म्हातारीचं बूड रस्त्याला घासतंय," तो म्हणाला. "दोन महिन्यांत मोडेल. ब्यूकवाल्यांना गाडी दिसते, स्प्रिंग दिसत नाही."

"तुला दिसते ना? मग बोलून काय दाखवतोस, करून दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिलार्स्की आपल्या गॅरेजात पुठ्ठा अंथरून लसेबरखाली शिरला. जन्मभर जिच्या नावाने बोटं मोडली तिच्याच पोटाखाली झोपायची वेळ आली होती. तीन वेळा डोकं आपटलं आणि तिन्ही वेळा त्याने ब्यूक कंपनीच्या सात पिढ्यांचा पोलिशमध्ये उद्धार केला. संध्याकाळी गाडी जाडजूड स्प्रिंगांवर ताठ उभी होती. त्याने हात पुसले आणि विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"तू कशाला?"

"माझ्या स्प्रिंगा आहेत. मी बघायला नको?"

तेव्हापासून दोघं जोडीने फिरू लागले. ती चालवायची, तो शेजारी बसून तिच्या चालवण्याला नावं ठेवायचा. रांगेत तासन्‌तास बसावं लागे. तेव्हा तो बायकोबद्दल बोले, ती हार्लनबद्दल. पुढची गाडी सरकली की दोघं पुन्हा भांडायला लागत.

फेब्रुवारीत एकदा मोठं बर्फ पडलं. शहर ठप्प झालं होतं, तरी बर्फ थांबल्यावर दोघं निघाले. टिब्सबाईंच्या घरापुढे बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. या बाई एकट्या राहत, आणि कितीही थंडी असली तरी सकाळी पायरीवरचं बर्फ स्वतः झाडून काढत. अर्डेलाने हाका मारल्या. उत्तर नाही. पिलार्स्कीने कोटाची बाही हातावर ओढली, स्वयंपाकघराच्या दाराशेजारची खिडकी फोडली आणि आत हात घालून दाराची कडी काढली.

टिब्सबाई खुर्चीत होत्या. अंग तापाने फणफणलेलं, ओठ सुकलेले, नजर कुठे ठरत नव्हती. बाजूला रिकामी बाटली पडली होती. पाणी संपलं होतं, आणि नळाचं प्यायचं नाही एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रुग्णवाहिकेला फोन केला. रस्ते बर्फाने अडलेत, वेळ लागेल, असं उत्तर आलं. अर्डेलाने आधी त्यांच्या ओठांना थोडं थोडं पाणी लावलं. मग मागच्या सीटवरचे खोके बर्फात उतरवले, आणि दोघांनी बाईंना खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत नेलं.

"हळू जा," पिलार्स्की म्हणाला.

"हळू गेले तर रुतेन."

"मग जोरात जा, पण नीट जा!"

लसेबर जड होती, आणि त्या दिवशी ते जडपण कामी आलं. दोनदा गाडी आडवी झाली, दोनदा सरळ आली. हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर अर्डेलाची बोटं स्टिअरिंगवरून निघेनात. पिलार्स्कीने ती एकेक करून सोडवली.

टिब्सबाई वाचल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं, तर "माझी खिडकी कुणी फोडली?"

"शेव्हरोलेने," अर्डेला म्हणाली.

लसेबर मात्र पुढचं वर्ष काढू शकली नाही. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, ते गाड्यांना खालून खातं. मेकॅनिकने तिला जॅकवर चढवली, पेचकस सांगाड्याला टेकवला, तर तो आरपार गेला. "इंजिन उत्तम आहे," तो म्हणाला. "पण बसवणार कशात?" सॅगिनॉच्या एका माणसाने इंजिन नेलं. बाकीची भंगारात गेली. अर्डेला बघायला गेली नाही.

लॉन्झो तिला शोरूममध्ये घेऊन गेला. तिथे एक नवी ब्यूक होती, छोटेखानी, उंच, सुरेख. विकणाऱ्या मुलीने सगळं हौसेने दाखवलं. अर्डेलाने विचारलं, "बनते कुठे?"

मुलगी जरा अडखळली. "ही चीनमध्ये बनते, मॅडम."

लॉन्झोने कपाळाला हात लावला. "चल ताई, घरी चल. बाबा थडग्यात कूस बदलतील."

अर्डेला हलली नाही. तिने गाडीचं दार उघडलं, कडेच्या रबरावरून अंगठा फिरवला, दार लावलं. परत उघडलं, परत लावलं.

"छान बसवलंय," ती म्हणाली. "तिथलीही कुणी बाईच असेल. तिचीही बोटं सुजली असतील सुरुवातीला."

"म्हणजे घेतेस?"

"नाही रे. तिच्यावर माझा राग नाही, एवढंच म्हणतेय."

आठवडाभर ती पायी फिरली. मग एका सकाळी पिलार्स्की तिच्या दारात उभा राहिला, बाहेर त्याची शेव्हरोले इंपाला. राखाडी, धुऊन पुसून लख्ख केलेली.

"डॉक्टर म्हणाला, माझे डोळे गेले. म्हणजे गेले नाहीत, पण गाडी चालवायची नाही." त्याने किल्ली पुढे केली. "ही घे."

"शेव्हरोले? मी?"

"नको असेल तर पायी पाणी वाट. माझी एकच अट आहे. मला सगळीकडे घेऊन जायचं."

"आणि मी कसंही चालवलं तरी तोंड बंद ठेवायचं."

"ते जमणार नाही."

तिने किल्ली घेतली. पहिल्या रविवारी ती शेव्हरोलेतून चर्चला उतरली तेव्हा पायरीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि लॉन्झोने टोपी काढून छातीशी धरली, मयताला धरतात तशी.

पुढे फुकट पाणी वाटणं बंद झालं. गल्ली खणून जुने नळ काढून नवे घातले गेले. शहराचे लोक घरोघरी सांगत फिरले, आता पाणी चांगलं आहे. अर्डेलाने त्यांचं ऐकून घेतलं आणि बाटलीतल्या पाण्यानेच कॉफी केली. पाण्याच्या फेऱ्या संपल्या तरी फिरणं काही संपलं नाही. कुणाला दवाखान्यात न्यायचं असे, कुणाला औषधं आणून द्यायची असत, टिब्सबाईंना केस कापायला जायचं असे.

रेनिटा दर आठवड्याला फोनवर तेच विचारते, "आई, येतेस का कायमची? तिथे आता आहे काय?"

"येईन गं," अर्डेला म्हणते. "पण गुरुवारी पिलार्स्कीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय."

मागच्या नाताळात मात्र ती सुट्टीपुरती अटलांटाला गेली. इंपालाने, दोन दिवसांचा रस्ता, शेजारी पिलार्स्की. ओहायो ओलांडेपर्यंत तो तिच्या चालवण्याबद्दल बोलत होता. केंटकीत त्याला झोप लागली. अर्डेलाने रेडिओचा आवाज कमी केला, त्याच्या अंगावर आपला कोट टाकला आणि डोंगर लागेपर्यंत एका वेगात गाडी चालवत राहिली.