सात किलो हरभरा डाळ आणि नादारीचा अर्ज

"सात किलो?" मी विचारलं.

"सात," बालाजीराव म्हणाले.

"महिन्याला?"

"ह्या महिन्याला."

"घरात माणसं किती?"

"आम्ही दोघं."

मी पेन खाली ठेवलं. नवरा-बायको मिळून महिन्यात सात किलो हरभरा डाळ खात असतील, तर त्यांना वकिलाची नाही, डॉक्टरची गरज आहे, असं मी बोलून दाखवलं. बालाजीराव हसले नाहीत. त्यांची बायको मंगल पंख्याकडं बघत बसली. पंखा बंद होता.

लातूरला शेख मॅडमचं वकिलीचं ऑफिस आहे. मी तिथं काम करते. माझी शाळा चौथीपर्यंत. आधी बरीच वर्षं इस्लापूरकडं बचत गटांचं काम केलं. बाया नवऱ्यापासून काय लपवतात आणि नवरे सगळ्या जगापासून काय लपवतात, हे तिथं कळलं. मॅडमना तेवढं पुरलं. कायद्याचं त्या बघतात, घरखर्चाचं बजेट मी करते.

आमच्याकडं नादारीची माणसं येतात. नादारी म्हणजे कोर्टाला लिहून द्यायचं, की साहेब, माझं देणं माझ्याच्यानं फिटत नाही. जे आहे ते हे एवढं. हे घ्या आणि सगळ्यांना वाटून द्या. त्यासोबत बजेट लावावं लागतं. कमाई किती, खाणं किती, उरतं किती. कोर्टाला बघायचं असतं, की माणूस खरंच बुडालाय की बुडाल्याचं सोंग करून राहिलाय.

बालाजीराव खरंच बुडाले होते. निलंग्याला त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. बांबू, कापड, खुर्च्या, चांगलं चाललं होतं. मग त्यांनी कर्ज काढून फिरता स्टेज आणला. नवरा-नवरी वर उभे राहतात, खालून मोटार फिरते, वरून धूर येतो. पहिल्याच मोठ्या लग्नात मोटार अडकली. म्हणजे थांबली नाही, बंदच होईना. नवरी तिथंच ओकली. ते लग्न एका पुढाऱ्याच्या घरचं होतं. त्यानंतर त्या स्टेजला गिऱ्हाईक मिळालं नाही, हप्ते मात्र चालू राहिले. तीन फायनान्सवाले रोज दारात गाडी लावायला लागले.

अर्ज टिकला तर वसुलीवाले दारातून हलणार होते, आणि बांबू-कापड बालाजीरावांकडं राहणार होतं. माणसाची पोटापाण्याची हत्यारं कोर्ट घेत नाही. पण कुठं काही लपवलेलं सापडलं, तर अर्ज फेटाळला जाणार आणि दोन्ही जाणार. हे मॅडमनी त्यांना दोनदा सांगितलं होतं. मी चारदा.

"डाळ कुणाला लागते एवढी?" मी परत विचारलं.

"मला आवडती."

"आणि हा पाच किलो गूळ? आणि तूप?"

"ते बी आवडतं."

"हप्ते भरायच्या वेळी आवड कुठं जाती मग?"

"मावशी," मॅडम आतून म्हणाल्या, "जरा दमानं."

ते दोघं गेल्यावर मॅडम आणि मी डाळीवर विचार केला. मॅडमचं म्हणणं पडलं, की मंगल चोरून काहीतरी धंदा करून राहिलीय. शेव-भजी असेल. ती कमाई लिहिलेली नाही. मला ते पटलं. मी ठरवलं, न सांगता घरी जाऊन बघायचं. तशीही अर्जाआधी मी एकदा घरी जातेच. ऑफिसात माणूस तयारीनं येतो, घरी तयारी नसते.

निलंग्याच्या एसटीतून उतरून त्यांच्या गल्लीत शिरले, तर तोंडाशीच तुपाचा वास आला. दारात गेले. मंगल अनारसे तळत बसली होती. मला बघून तिच्या हातातला झारा कढईत गेला.

"शेव-भजीचा धंदा कुठाय?" मी विचारलं.

"कसला धंदा?"

"मग हे कुणासाठी?"

"अहो मावशी, धोंड्याचा महिना न्हाई का. जावई यायलेत जेवायला."

तेव्हा उलगडा झाला. माझ्या सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात अधिक महिना कुणी मोजत नाही. शेख मॅडमच्या घरी तर प्रश्नच नाही. दोन बाया चार दिवस डाळीवर डोकं लावत बसलो, आणि सबंध मराठवाड्यात त्या महिन्यात दुसरं काही शिजत नव्हतं. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं.

"एका जावयाला सात किलो?"

"एकट्याला पाटावर कसं बसवायचं? सांजच्याला भावकी हाय की. सोनाली आवतण द्यायलाच गेलीय."

सोनाली त्यांची मुलगी. तिचा नवरा प्रशांत नांदेडला एका शाळेत क्लार्क.

मी डाळीचा डबा ओढला. किती उरली ते बघावं म्हणून आत हात घातला. बचत गटातली सवय. हाताला लाल डबी लागली. डबीत सोन्याचा गोफ होता. पुरुषाच्या गळ्यात घालतात तसला, चांगला जाड.

मंगल रडायला लागली. मी गॅस बारीक केला, कारण अनारसे करपत होते.

बालाजीराव मागच्या दारातून आले. गोफ माझ्या हातात बघून तिथंच पोत्यावर बसले.

"हे कशातून घेतलं?"

"जुनं जनरेटर विकलं."

"कुणाला सांगितलं?"

"कुणालाच न्हाई."

"आणि जावयाला गोफ कशाला? एवढं काय त्यानं केलं?"

मग मंगलच म्हणाली, "त्यांनी पैसे दिलेत. स्टेजच्या टायमाला. दोन लाख. खात्यावरून."

"आमच्या यादीत त्याचं नाव नाही."

"कसं घालायचं?" बालाजीराव पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "जावयाचं देणं हाय म्हणून कोर्टात लिवून देऊ? पोरगी त्या घरात नांदायलीय, मावशी. सासरा नादार, ते बी जावयाचा. त्यापरीस वाण म्हणून गोफ घालतो, देणं फिटलं. कुणाला कळायचं कारण न्हाई."

मी मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बालाजीराव, ज्यांचं देणं आहे ते सगळे कोर्टासमोर सारखे. अर्जाच्या तोंडावर एकाला गुपचूप दिलं, तर कोर्ट ते परत मागवतं."

"परत म्हंजे?"

"म्हणजे कोर्टाचा रिसीव्हर नांदेडला जाईल आणि जावयाच्या गळ्यातला गोफ उतरवून आणेल."

"त्याच्या गल्लीत?"

"गल्लीत, नाहीतर शाळेत. जिथं सापडेल तिथं. आणि तुमचा अर्ज फेटाळला जाईल ते वेगळंच."

बालाजीरावांनी दोन्ही हात डोक्याला लावले. तेवढ्यात दारात चपलांचा आवाज आला. जावईबापू नांदेडच्या एसटीनं आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"मामा, तब्येत बरी न्हाई का?" त्यानं विचारलं. मग माझ्याकडं बघितलं. "ह्या कोण?"

"मी बजेट करते," मी म्हटलं. "बसा पाव्हणं. तुमचंच चाललंय."

मंगल मला डोळ्यांनी दाबत होती. मी दबले नाही. दोन लाख, गोफ, यादी, सगळं त्याला सांगितलं. हे काम थांबून थांबून केलं तर जास्त दुखतं.

प्रशांतनं बॉक्स खाली ठेवला. "माझं नाव कोर्टात? मला नोटीस येणार? पोस्टमन आमच्या स्टाफरूममध्ये टपाल देतो, मावशी."

"येणार."

"मग मला नको पैसे. मी सोडले. लिवून देतो."

हा रस्ता बरा होता. मी फोनकडं बघितलं. "लिहून दिलं तर चालेल," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई चालणार," बालाजीराव म्हणाले. "जावयाकडून माफी घेऊ? त्यापरीस फायनान्सवाल्याचे पाय धरतो."

"मामा, मी खुशीनं सोडायलोय."

"तुम्ही पाव्हणं हाव. तुम्ही घ्यायचं, आम्ही द्यायचं. सोडायचं तुमच्याकडं न्हाई."

म्हणजे देणं ठेवायचं नाही, फेडायचं नाही आणि माफही करून घ्यायचं नाही. मंगल परत रडायच्या बेतात होती. मला साडेचारची एसटी होती.

मी पिशवीतून यादी काढली. यादीत आधी धनकोंची नावं असतात. धनको म्हणजे ज्यांचं आपण देणं लागतो ते. वरपासून तीन फायनान्सवाले होते.

"मला एक सांगा," मी म्हटलं. "जेवायला बसवताना पहिला पाट कुणाचा?"

"पाव्हण्याचा."

"फायनान्सवाला घरी आला तर?"

"त्याला पाणी बी देत न्हाई मी."

"मग इथं पण तसंच लिहू. पहिल्या नंबरला पाव्हणं. फायनान्सवाले त्यांच्या खाली."

बालाजीरावांनी डोक्याचे हात काढले. यादी घेतली, लांब धरून बघितली. "एक नंबरला?"

"एक नंबरला."

"कोर्टात बी असंच वाचतेत?"

"वरूनच वाचतात," फोनमधून मॅडम म्हणाल्या. वर असल्यानं पैसे आधी मिळत नाहीत, सगळ्यांना सारख्याच हिशेबानं मिळतात, हे मॅडमना माहीत होतं आणि मलाही. दोघींनी ते नंतर सांगायचं ठरवलं.

प्रशांतही मान तिरकी करून यादी बघत होता. "फुल नाव घाला मावशी. आणि पुढं वरिष्ठ लिपिक लिवा."

गोफ मालमत्तेच्या रकान्यात गेला. जनरेटर विकल्याचं लिहिलं. बजेटातून डाळ, गूळ आणि तूप काढून 'सण, एक वेळ' अशी वेगळी ओळ घातली. आवड म्हणून लिहिलेलं कोर्टाला पटत नाही, सण पटतो. मग मलाही जेवायला बसवलं. धोंडे चांगले झाले होते. वेलदोडा जास्त पडला होता. एसटी चुकली.

लातूरच्या कोर्टात तारीख लागली, तेव्हा सगळ्या धनकोंना नोटिसा गेल्या. तीन फायनान्सवाल्यांपैकी दोघं आलेच नाहीत. तिसऱ्यानं वकील पाठवला, त्यानं पुढची तारीख मागितली. ती मिळाली नाही. प्रशांत मात्र नांदेडहून हजर होता. लग्नातला कोट घालून आला होता. उन्हाळ्यात. पट्टेवाल्यानं पहिलं नाव पुकारलं, तेव्हा तो उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांना नमस्कार केला. बालाजीरावांनी मागं वळून बघितलं, किती लोकांनी ऐकलं म्हणून.

जजसाहेब बजेट वाचत होते. एका ओळीवर थांबले.

"सण, एक वेळ. हरभरा डाळ सात किलो. हे काय आहे?"

बालाजीरावांनी मॅडमकडं बघितलं, मॅडमनी माझ्याकडं. बोलायचा हक्क मला नव्हता.

"ते मी खाल्लं, साहेब," प्रशांत म्हणाला. "धोंड्याचं जेवण होतं. थोडं भावकीनं खाल्लं."

जजसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसायला बराच वेळ लावला. मग विचारलं, "अर्जाला तुमची हरकत आहे का?"

"अजिबात न्हाई, साहेब."

अर्ज दाखल करून घेतला. वसुली थांबली. फिरता स्टेज गेला. तो नेताना ट्रकवर एकदा आपोआप फिरला, असं गल्लीतली माणसं सांगतात. गोफ रिसीव्हरकडं गेला. त्याचे पैसे वाटले, तेव्हा प्रशांतच्या वाट्याला जे आलं, त्यात साधी चांदीची अंगठीही आली नसती. पण ते कोर्टातून आले होते आणि पहिल्या नंबरवर आले होते, म्हणून सासऱ्याचं काही म्हणणं नव्हतं. बांबू आणि कापड राहिलं. बालाजीराव आता साधे मंडप घालतात. स्टेज जागेवर उभा असतो.

नंतर मॅडमनी ऑफिसात मोठं कॅलेंडर टांगलं. सगळे सण असलेलं, सगळ्या धर्मांचं. मी त्याच्याखाली बसते. नवं माणूस आलं की अजूनही आधी आपलं कर्ज सांगायला लागतं. मी थांबवते. कर्जाचं कागदावर असतं, ते मॅडम बघतील. मी आधी विचारते, जावई किती.