आधी समोरच्याची बाजू

नंदूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या आवारात एका अशिलाला झापत होते. पलीकडे युनिव्हर्सिटीतली कुणी विद्यार्थिनी होती, स्वतःचं नाव सांगायच्या आधीच रडायला लागलेली. "मॅम, नंदूजी नहीं रहे." तीन आठवडे झाले त्याला. अशिलाला म्हटलं, उद्या या, आणि तिथल्याच बाकावर टेकले. ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं त्याच्याबद्दल त्या पोरीला दोन शब्द सांगायचे सोडून मी तिचं नावच विचारत बसले.

नंदूदादा आमच्या जयपूरच्या युनिव्हर्सिटीत ग्रंथालयातले कारकून. मूळचे अकोल्याचे, वडील रेल्वेत म्हणून इकडे आलेले, आमच्यासारखेच. वादविवाद मंडळाच्या एकाही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. अध्यक्ष कुणीतरी प्राध्यापक, सचिव दरवर्षी नवा. पण दर मंगळवारी चार वाजता ग्रंथालयामागच्या खोलीत मंडळ भरायचं ते यांच्याच जिवावर. नियमही त्यांचाच. स्वतःचं भाषण सुरू करण्याआधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती अशी की त्याने "हाँ, यही" म्हटलं पाहिजे. तो म्हणत नाही तोवर तुमचं भाषण सुरू होत नाही. पहिल्या दिवशी मी तीनदा मांडली. समोर बस्सीहून रोज बसने येणारा एक मुलगा होता, तो आपला मख्ख! मी भडकले, "हा मुद्दाम करतोय, दादा!" ते शांतपणे म्हणाले, "तू त्याची टिंगल करतेयस, सुजाता. बाजू कुठे मांडतेयस? परत." चौथ्यांदा तो "हाँ, यही" म्हणाला, आणि तोवर माझा स्वतःचा मुद्दा मलाच अर्धा पटेनासा झाला होता. असा संताप आला म्हणून सांगू! तरी पुढच्या मंगळवारी पावणेचारलाच हजर.

बी.ए.चं शेवटचं वर्ष आलं. मला पुण्याला जाऊन वकिली शिकायची होती आणि बाबांनी भुसावळचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. बाबा मालगाडीवर गार्ड. घरात त्यांचा शब्द म्हणजे सिग्नल, लाल म्हणजे लाल. मी नंदूदादांना गळ घातली, "तुम्ही बोला. ते तुम्हाला मानतात." रविवारी संध्याकाळी ते आमच्या क्वार्टरवर आले. आईने पोहे पुढे केले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी कान लावून उभी. आणि या भल्या माणसाने काय करावं? म्हणाले, "काका, आधी तुमचं म्हणणं मी सांगतो, चुकलं तर टोका."

...आणि सांगितलं की हो! पोर एकटी, परका गाव. आपण महिन्यातले वीस दिवस गाडीवर, हाक मारली तर धावून जाणार कोण. शिकून आली नि स्थळंच मिळेनाशी झाली तर भाऊबंद काय म्हणतील... इतकं जीव ओतून सांगितलं की बाबांचे डोळे भरून आले. "नंदूभाऊ, अगदी माझ्या मनातलं बोललात! हिच्या आईलासुद्धा इतकं कधी कळलं नाही." एवढं म्हणून त्यांनी घड्याळ पाहिलं, ड्यूटीची पेटी उचलली आणि निघाले. नंदूदादा हातात पोह्यांची बशी घेऊन बसलेले, माझी बाजू मांडायची राहूनच गेलेली. मी बाहेर येऊन ओरडले, "दादा, तुम्ही तर माझं लग्नच लावून दिलंत!"

दोन दिवसांनी बाबा परतले तेव्हा मी त्यांना दारातच गाठलं. मुद्दे पाठ होते, आवाज चढलेला होता. निम्मं ऐकून ते म्हणाले, "जा. पुण्याला जा." जिंकले! पुढची तीस वर्षं मी ही गोष्ट चारचौघांत सांगत राहिले. नंदूदादांनी केस घालवली, मी जिंकली. ते समोर असले तर जास्तच रंगवून. बिचारे हसायचे. गेल्या हिवाळ्यात मी मालवीय नगरला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "त्या दिवशी चूकच झाली गं माझी. घरात तो नियम चालवायला नको होता. तुझं आयुष्य वाया गेलं असतं." मी म्हटलं, "चला, कबूल तरी केलंत!" तेव्हाही हसले, पण थोडंसंच.

ते गेल्याचं बाबांना सांगायला, फोन आला त्याच संध्याकाळी, जयपुरातच जगतपुऱ्याला त्यांच्या घरी गेले. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाले, "त्या माणसाने तुला पुण्याला पाठवलं."

"त्यांनी? बाबा, तुम्हाला मी पटवलं!"

"तू दारात बोलायला लागलीस तेव्हा माझं ठरून गेलं होतं. दोन दिवस गार्डच्या डब्यात एकटा होतो. त्याने सांगितलेलं माझंच म्हणणं सारखं आठवत होतं. मी बोलायचो तेव्हा ती मला बापाची माया वाटायची. त्याच्या तोंडून ऐकलं आणि कळलं, मी नुसता घाबरलेलो होतो, मतलब... पोरीपेक्षा स्वतःसाठी जास्त."

"मग सांगितलं का नाहीत मला?"

"तू इतकी खूश होतीस, जिंकले म्हणून."

गेल्या मंगळवारी मंडळात गेले. तीच खोली, तोच नियम, मुलं सगळी अनोळखी. दादांविषयी बोला म्हणाले, तेव्हा ही सगळी हकिगत सांगितली. माझी फुशारकीही गाळली नाही. फोन करणारी ती मुलगी पुढच्याच रांगेत होती. तिने विचारलं, "मॅम, ये नंदूजी को पता चला था?"

नाही, म्हटलं. आपण हरलो, याच समजुतीत गेले ते.