दोन ठिपक्यांची पट्टी

कानस हातात आहे, पट्टी व्हाइसमध्ये धरलीय, आणि हिंदुराव लोहाराची मान काही ताठ राहायला तयार नाही. दुपारचे अडीच वाजलेत. पोटात वांग्याची भाजी आणि दोन भाकरी. वर शेडचा पत्रा तापलाय, मधूनच टण्ण करतो. अशा वेळी माणूस एकदम झोपत नाही, थोडा थोडा निसटतो. आधी पाय जातात. मग कमरेचं दुखणं जातं. हात मात्र जागा राहतो, कारण पंचेचाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाचा हात सगळ्यात शेवटी झोपतो.

आता ही पट्टी कसली ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा बोटभर लोखंडापुढं एवढा का हताश होऊन बसलाय.

शेडमध्ये एक जपानी मोटार उभी आहे. बुटकी, लांब नाकाची, दोनच दारांची. चाळीस वर्षांपूर्वी देवगडच्या कुणा बोटीवरच्या इंजिनियरनं ती आणली, चार वर्षं मिरवली, आणि मग नारळाखाली उभी केली ती केलीच. खाऱ्या वाऱ्यानं लोखंडाचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला विचारा. हिंदुराव आणि त्याचा दोस्त यासीन शिकलगार बघायला गेले तेव्हा आत पाय ठेवला की खालची वाळू दिसत होती आणि डिकीत एक खेकडा संसार करून होता. दोघांनी खेकड्याला बाहेर काढलं आणि मोटार ट्रकात घालून गगनबावड्याच्या घाटानं कोल्हापुरात आणली.

एवढी उठाठेव का, तर त्या इंजिनात पिस्टन नाही. वर-खाली असं काहीच नाही. तीन टोकांचा, फुगीर बाजूंचा एक गड्डा, त्याला रोटर म्हणतात, तो एका लांबट पोकळीत गरागरा फिरतो. प्रत्येक टोकाला खाच, खाचेत बिडाची एक पट्टी. ती पट्टी भिंतीला घासत हवा कोंडून धरते. हवा कोंडली तर इंजिन, नाहीतर नुसतं वजन. असे रोटर दोन, पट्ट्या सहा. दोघांनी सात वर्षं ह्या मोटारीत घातली. गंज खरवडला, तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून तळ केला, वर रेड ऑक्साइड मारलं. पट्ट्या कुठं मिळेनात, म्हणून हिंदुरावानं बीड कापून दिलं आणि यासीननं हातानं घासून एकेक पट्टी एकेका खाचेला बसवली. शिकलगाराचा हात तो. बापजाद्यांनी तलवारींना धार लावली, ह्यानं पट्ट्यांना.

कुठली पट्टी कुठं हे कळावं म्हणून यासीननं त्यांच्यावर पंचनं ठिपके मारले. एक, दोन, तीन. पहिल्या रोटरच्या तांबड्या फडक्यात, दुसऱ्याच्या पांढऱ्या. आणि रोटरच्या मात्र एकाच टोकाला एक ठिपका. इथनं सुरू कर, पुढं क्रमानं जा, एवढाच त्याचा अर्थ. "सोमवारी जोडू," म्हणाला, आणि रविवारी छातीत कळ येऊन गेला. त्याला दीड वर्ष झालं.

दीड वर्षात हिंदुरावानं तीन वेळा इंजिन जोडलं आणि तीन वेळा उघडलं. एक ठिपक्याची पट्टी स्वतःच्या वजनानं खाचेत उतरते. दोनची अडकते. तीनची खुळखुळते. दोन्ही रोटरची तीच रड. स्टार्टर फिरवला की नुसती भसभस. आज त्यानं ठरवलंय, दोनची कानशीनं घासून टाकायची. बसली तर बसली. नाही बसली तर येत्या सोमवारी भंगारवाला टेम्पो आणतोय, तसा निरोप गेलाय. मोटार जड झाली म्हणून नव्हे. एकट्याला तिच्याकडं बघवत नाही म्हणून.

पत्रा टण्ण करतो.

"कानस ठेव खाली, हिंद्या. शिकलगाराच्या कामावर लोहारानं हात फिरवायचा न्हाई."

यासीन मोटारीत बसलाय. मोटारीत सीट नाहीत, कव्हर शिवायला गेल्यात, तरी तो सीटवर बसल्यासारखा ऐसपैस बसलाय, कोपर खिडकीबाहेर. गालात लवंग आहे, तेवढाच गाल फुगलाय. जन्मभर दाढ दुखली, पण डॉक्टरकडं गेला नाही, लवंगेवर भागवलं.

तो मेलाय हे हिंदुरावाला माहीत आहे. पण ते आत्ता काढणं बरं दिसणार नाही असं त्याला वाटतं. आल्या आल्या पाहुण्याला 'कधी निघणार' असं विचारत नाहीत, तसं.

"कधी आलास?"

"तू घोरायला लागलास तवा. चा न्हाई ठेवला?"

"आक्काताई बहिणीकडं गेलीया."

"तरीच. वैनी असत्या तर एव्हाना दुसरा कप झाला असता."

यासीन दार ओढून घेतो आणि खिडकीतनं धुकं आत येतं. घाट आहे. दोघं ट्रकाच्या हौद्यात उभे आहेत, मध्ये मोटार दोरखंडानं आवळलेली. ट्रक चढतोय, पण इंजिनाचा आवाज नाही, आक्काताईचं शिवणयंत्र चालल्यासारखी बारीक घरघर आहे. खाली दरीत समुद्र दिसतोय, जिथं तो कधीच दिसत नाही.

"मोटारीचा आवाज असा असणार बग," यासीन म्हणतो. "घुं. दणकं न्हाईत, धडधड न्हाई."

"कुठनं असणार? तू अर्ध्यात टाकून गेलास."

"मी काय मुद्दाम गेलो?"

"सोमवारी जोडू म्हणालास."

"म्हणालो."

"मग एक दिवस थांबायचं हुतं."

दोरखंड जरा सैल झालाय, यासीन वाकून गाठ घट्ट करतो. त्याची गाठ मारायची पद्धत तीच, शेवटी एक हिसका. हिंदुराव त्या हाताकडं बघत राहतो. नखांत काळं, अंगठ्याला जुना चिरा. सगळं जिथल्या तिथं.

"मला एकट्याला जमंना यासीन. हात कापतोय आता."

"हात कापतोय ते बघितलं मी. डोस्कं कशानं कापतंय ते सांग."

"सोमवारी टेम्पो येणार हाय."

"कुणाचा?"

"भंगारवाल्याचा."

एकदा हिंदुरावानं नवा ड्रिल विहिरीत पाडला होता तेव्हा बघितलं होतं, तसं यासीन त्याच्याकडं बघतो. मग म्हणतो, "चल, उतर. पाय मोकळं करू."

दोघं ट्रकातनं उतरतात. खाली मारुतीच्या देवळाचा चौक आहे, काळी फरशी, उन्हानं तापलेली. हिंदुराव दर शनिवारी इथं अकरा प्रदक्षिणा घालतो. चपला काढलेल्याच आहेत, कुठं काढल्या ते आठवत नाही. चौकाच्या मधोमध मोटार उभी आहे. रेड ऑक्साइडवर कुणीतरी तेल चढवलंय, नाकापासून डिकीपर्यंत शेंदरासारखी तकतकतेय. हिंदुरावाचे पाय आपोआप चालायला लागतात. मोटार उजव्या हाताला.

नाकापाशी पोचतो तर समोरनं यासीन.

"तू उलटा का फिराय लागलायस?"

"उलटा तू." यासीन हसून पुढं जातो.

डिकीपाशी पुन्हा समोरासमोर. यासीनच्या बाजूची फरशी पांढरीशुभ्र आहे, संगमरवरी, गार दिसते. त्याच्या मागं लांबवर पांढऱ्या कपड्यातली माणसं फिरताहेत, पुष्कळ, आणि त्यांच्या पावलांचा आवाज पाऊस लागून राहावा तसा येतोय. हिंदुरावाच्या बाजूला काळी फरशी आणि रुईच्या माळेचा वास. दोन्ही फरशा डिकीखाली एकमेकीला भिडल्यात, मध्ये सांधा नाही.

"थांब की जरा."

"थांबायचं नसतंय. फिरता फिरता बोल."

नाकापाशी पुन्हा.

"सरळ माझ्यासंगं चाल की लेका. देव उजव्या हाताला ठेवून."

"आमी डाव्या हाताला ठेवतो. सांगितलं हुतं तुला. खजूर खायाच्या नादात ऐकलं न्हाईस."

सांगितलं होतं. हिंदुरावाला आठवतं. यासीन हजहून आला तेव्हा ह्याच शेडमध्ये बसून सांगितलं होतं, डोक्याचे केस नुकते उगवत होते. काबा डाव्या हाताला ठेवून सात फेरे. तेव्हापासनं पायांना वळणच पडलंय म्हणाला, मोटारीभोवती फिरलो तरी तसाच फिरतो, चाकाचे नट आवळायलासुद्धा तिकडनंच सुरुवात. आणि हिंदुराव खजुराच्या बिया मोजून डबीत टाकत होता, पेरणार होता परसात.

डिकीपाशी हिंदुराव मुद्दाम सावकाश चालतो, म्हणजे यासीन जरा जास्त वेळ समोर दिसावा.

"एकाच बाजूनं फिरलो असतो तर बरोबर चाललो असतो," तो म्हणतो.

"बरोबर कुठलं? तू माज्यापेक्षा झपाझप चालणार. जन्मभर तुजी पाठ बघत बसलो असतो." यासीन लवंग ह्या गालातनं त्या गालात घेतो. "असं फिरलं की दर फेऱ्याला तोंड दिसतंय."

ह्यावर हिंदुरावाला काहीतरी बोलायचंय, पण तोवर पाय पुढं निघून गेलेत. मोटारीचं नाक येतं. यासीन येतो. ह्या वेळी तो थांबतो. म्हणाला होता थांबायचं नसतं, तरी थांबतो.

"ठिपका कुठं मारलाय मी?"

"एका टोकाला."

"मग?"

"मग क्रमानं."

"कुणाच्या क्रमानं, हिंद्या?"

हिंदुराव खाली बघतो. काळी फरशी त्याच्या पायापर्यंत, पांढरी यासीनच्या. मोटार मध्ये. तो मान वर करतो आणि त्याला एकदम हसू येतं, दीड वर्षात आलं नव्हतं तसं, पोटातनं.

"आयला."

"हां," यासीन म्हणतो. "आता कळलं. तीन वेळा उघडून." खिशात हात घालून काहीतरी काढतो आणि हिंदुरावाच्या तळहातावर ठेवतो. "खा. झोप उडंल."

"लवंग नको मला. तोंड जळतंय."

"जळू दे. खा."

हिंदुराव खातो. कडाक्कन चावली जाते.

पत्रा टण्ण करतो.

शेड आहे. साडेतीन वाजलेत. कानस खाली पडलीय. व्हाइसमध्ये दोन ठिपक्यांची पट्टी तशीच आहे, तिच्यावर एकही ओरखडा नाही. हिंदुराव तिच्यावरनं अंगठा फिरवून दोनदा खात्री करतो. मग उठतो, पायाला मुंग्या आल्यात तरी उठतो, आणि पहिला रोटर टेबलावर ठेवतो, आतल्या दात्यांची बाजू वर, दोघंही कायम ठेवायचे तशी. ठिपक्याचं टोक शोधतो. दर वेळी तो इथनं प्रदक्षिणेच्या वाटेनं पुढं गेलाय. आज यासीनच्या वाटेनं जातो. पुढचं टोक. दोन ठिपक्यांची पट्टी खाचेच्या तोंडाशी धरतो आणि सोडून देतो.

पट्टी स्वतःच्या वजनानं खाली उतरते. सावकाश, घाई न करता, तळाला जाऊन बसते.

तीनची पण बसते. खुळखुळत नाही. मग पांढऱ्या फडक्यातल्या.

सहावी बसते तेव्हा दारात आक्काताई उभी आहे, हातात बहिणीनं दिलेली भोपळ्याची फोड.

"जेवल्यालं ताट तसंच टाकून आलाय व्हय हितं? आन डोळं का लाल झाल्यात?"

"भंगारवाल्याला फोन लाव. टेम्पो आणू नगो म्हणावं."

"असं बोबडं का बोलतायसा?"

तेव्हा हिंदुरावाच्या ध्यानात येतं, जीभ बधिर झालीय. गाल चुरचुरतोय. तो बोट घालून दाढेमागनं काहीतरी काढतो आणि तळहातावर ठेवतो. लवंग. डोकं चावलेलं, दांडी शाबूत.

आक्काताई वाकून बघते. "घरातल्या लवंगा दिवाळीलाच संपल्यात. मी आणतो आणतो म्हणतो, आणि ऱ्हातंय. तुमी तर कदी खात न्हाईसा. कुणी दिली?"

हिंदुराव टेबलावरच्या दोन रोटरकडं बघतो. मग तळहात तोंडाशी नेऊन लवंग परत गालात ठेवतो, यासीन ठेवायचा त्याच बाजूला. डोळ्यांतनं पाणी येतं एवढी जळते. थुंकत नाही.

"चा ठेव," तो म्हणतो. "दोन कप ठेव."