लावून राहिलो

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नागपूरला समुद्र नाही. जनतेने याची नोंद घ्यावी व पोहण्याचे कपडे घरीच ठेवावेत.

हे जाहीर निवेदन मला वारंवार करावं लागायचं, कारण "काय करता?" असं कुणी विचारलं की मी छाती काढून सांगायचो, "बंदर चालवतो." त्यात नागपुरात अर्धं बोलणं हिंदीतून चालतं आणि हिंदीत बंदर म्हणजे माकड. एका न्हाव्यानं तर वस्तरा हवेतच थांबवून विचारलं होतं, "सर्कशीत हाये का, भाऊ?"

आमचं होतं कोरडं बंदर. जहाजावरून उतरलेले कंटेनर मालगाडीनं आमच्या यार्डात यायचे, इथेच कस्टमची तपासणी व्हायची, आणि विदर्भातला माल कंटेनरमध्ये बसून उलट दिशेनं किनाऱ्याकडे निघायचा. पाणी आणि जहाज या दोन किरकोळ गोष्टी सोडल्या तर बंदरातलं सगळं आमच्याकडे होतं. कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, गाडी कधी भरायची, कुणाला कुठल्या कामाला लावायचं, हे सगळं मी बघायचो.

मी मूळचा किनाऱ्यावरचा. नागपूरला बदली झाली आणि इथल्या बोलीनं मला पहिल्या आठवड्यातच खिशात घातलं. "जेवून राहिलो" म्हणजे जेवण आटोपून मुक्कामाला राहिलो असं नव्हे. जेवण अजून चालू आहे, तोंडात घास आहे. वर्षभरात मी ही बोली इतकी उचलली, की धरमपेठेत कुणाकडे जेवायला गेलो की पानं वाढण्याआधी माझा कार्यक्रम ठरलेला. ट्रकवाला, चहावाला आणि शेवटी खास लोकाग्रहास्तव आमचे वायरमन मामा. मामांच्या आवाजाला सगळ्यात मोठा हशा मिळायचा. यार्डात मात्र मी साहेबी, पुस्तकी मराठीच बोलायचो.

मामा हे त्यांचं यार्डातलं नाव, वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे. ठेक्यावर होते. घराणं कोष्ट्यांचं, वडील मागावर बसायचे. जळकी वायर सांधताना मामांची बोटं अशी चालायची की वाटावं, तुटलेला धागाच जोडताहेत. "बाप सूत जोडे, मी करंट जोडतो," म्हणायचे. "फरक इतकाच साहेब, सूत झटका देत नाही."

आता जी गोष्ट मी कुणाकडे जेवायला गेल्यावर सांगत नाही, ती सांगतो.

मे महिना होता, शनिवारची दुपार. भंडाऱ्याकडच्या तलावातले गोठवलेले झिंगे घेऊन एक रीफर आला. रीफर म्हणजे थंडीचा कंटेनर. यार्डात उतरवला की ताबडतोब विजेच्या प्लगला जोडायचा, नाहीतर आतल्या मालाचं काही खरं नाही. मी ऑफिसात दोन माल-एजंटांना एक किस्सा सांगत होतो. ऐन रंगात आलो होतो. तेवढ्यात वॉकी-टॉकीवर मामा बोलले, "साहेब, पिन जळाली हाये. बदलून प्लग लावून राहिलो."

त्याच क्षणी गेटवरून दुसरा फोन. वजनकाटा बंद, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत. मी मामांना म्हणालो, "बरं बरं मामा, आधी काट्यावर या," आणि किस्सा जिथे सोडला होता तिथून पुन्हा धरला.

मला समजलं होतं. स्वच्छ समजलं होतं. प्लग लागलेला नाही, लागतो आहे, आणि मी माणसाला त्या कामावरून उठवतो आहे. पुढच्या पाळीच्या वहीत एक ओळ लिहायची होती, म्हणजे दुसऱ्या वायरमननं काम पुरं केलं असतं. मामांनीही तेच गृहीत धरलं. साहेबांनी बोलावलं म्हणजे साहेबांनी मागची सोय केली असणार. काटा दुरुस्त करून ते संध्याकाळी घरी गेले. मी ती ओळ लिहिली नाही. किस्सा मात्र फार छान झाला. एजंट डोळे पुसत होते.

सोमवारी सकाळी यार्डात शिरलो आणि मला एकदम माझं गाव आठवलं. ओहोटीनंतरचा किनारा आठवला. नागपूरला अखेर समुद्र आला होता, पण फक्त वासानं.

चौकशीला मुंबईहून मुख्य कार्यालयाचे साहेब आले. पहिला प्रश्न मला: "रीफर जोडलेला नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

उत्तर एका शब्दाचं होतं. त्याऐवजी मी खुर्चीत सावरून बसलो आणि म्हणालो, "साहेब, घोळ भाषेचा आहे. ते म्हणाले, 'लावून राहिलो.' आता आपल्या मराठीत याचा अर्थ काय? प्लग लावला आणि मग मी आपला निवांत राहिलो!" एवढ्यावरही थांबलो नाही. प्लग लावून, हात झटकून, आंब्याच्या झाडाखाली पाय पसरून राहिलेला माणूस मी त्यांना करून दाखवला. साहेब पोट धरून हसले. हशा मिळाला की मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. त्या दिवशी तो रोग माझ्या फार कामाला आला.

मग मामांना आत बोलावलं.

"'लावून राहिलो' असंच म्हणालात?"

"हो जी."

"मग यांनी काय समजायचं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत होतो. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला, कोडं सुटल्यासारखा. "अरे हो ना! आमचे साहेब तं तिकडचे, समुद्राकडचे. त्यायले आमचं बोलणं कसं समजन? माह्यीच चुकी."

अहवालात लिहिलं गेलं की कर्मचाऱ्याने संदिग्ध भाषेत निरोप दिला. ठेका पुढे वाढवायचा नाही असं ठरलं. मुदतीचे दोन महिने उरले होते, आणि त्या दोन महिन्यांत मामांनी मला जी शिक्षा दिली ती त्यांना स्वतःला कधी कळली नाही. ते माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलायला लागले. भर दुपारी वॉकी-टॉकी खरखरायचा आणि शाळेतल्या पोरानं धडा वाचावा तसा आवाज यायचा: "साहेब, मी प्लग लावत आहे. तो अजून लागलेला नाही. लागल्यानंतर मी आपणांस सांगेन." मग पाच मिनिटांनी, "साहेब, प्लग लागलेला आहे." यार्डातले लोक हसायचे. एकदा मी म्हणालो, "मामा, नेहमीसारखं बोला ना." तर म्हणाले, "नाही साहेब, पुन्हा गडबड नको." नंतर जरा विचार करून, "गडबड व्हायला नको," अशी त्यांनी दुरुस्ती केली.

नंतर ते गेले. धरमपेठेतला माझा कार्यक्रम चालूच होता. फक्त मामांचा आवाज मी काढेनासा झालो. लोक आग्रह करायचे. घसा बसलाय म्हणायचो.

दोन वर्षं अशी काढली. मग एक दिवस गेटवर एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं मला सांगितलं, "मामा शहराबाहेर वाडीले भेटले होते ना. गोदामात लागले तिथं. सक्करदऱ्यातल्या घरून रोज सायकल हाणत येते, या उमरीत." मग हसून म्हणाला, "तुमची लय तारीफ करते बाप्पा! म्हणते, साहेब देवमाणूस, फक्त बोली समजे नाही त्यायले. त्यायचा काय दोष?"

त्या रविवारी स्कूटर काढली. सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत मनात भाषण पाठ करत होतो, शुद्ध, प्रामाणिक आणि छोटं: मामा, मला तेव्हा समजलं होतं. नोकरी माझ्यामुळे गेली. मी मुख्य कार्यालयाला लिहून देतो. एवढंच म्हणायचं, कुठलाही अभिनय नाही.

पत्ता शोधत त्यांच्या गल्लीत वळलो तर मधोमध भाजीचा ठेला. एक बाई वांगी निवडत होत्या. मी हॉर्न वाजवला. ठेलेवाला ढिम्म. इतक्या वर्षांची सवय. तोंड आपोआप सुटलं.

"काहून गा भाऊ, रस्ता अडवून राहिला? बाजूले घे ना, माही गाडी कशी निंगन?"

"घेऊन राहिलो ना जी! बाईले वांगे तं देऊ द्या."

"वांगे देऊन राहिला का वांग्याचं लगन लावून राहिला?"

बाई खळखळून हसल्या. हशा मिळाला. मी स्कूटरवर बसल्या बसल्या आणखी एक टोला लगावणार, तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि बनियनवर मामा बाहेर आले. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. घाईनं पायरी उतरत ते त्या बाईंना म्हणाले, "अवं, हेच आपले बंदरवाले साहेब!"

मामींच्या हातातलं वांगं पिशवीच्या तोंडाशीच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ठेल्याकडे पाहिलं आणि मग मामांकडे.

"अजी, तुमी तं म्हणत होते का साहेबाले आपली बोली समजतच नाही!"