सोनचाफा की मधुमालती

शाळेतून निवृत्त होऊन वर्ष व्हायच्या आतच मला नवीन काम मिळालं, आणि ते काय आहे हे आईला कसं सांगायचं या विचारात कितीतरी दिवस गेले. जन्मभर मी मराठी शिकवलं. आता मला वाईन पिऊन तिच्याविषयी मराठीत चार ओळी लिहायच्या होत्या.

हे काम घेऊन आली माझी एक जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना ती निबंध अगदी छोटे लिहायची, पण जे लिहायची ते स्वतःचं असायचं. पुढे तिने रसायनशास्त्र घेतलं, परदेशात जाऊन वाईन बनवायला शिकली आणि आता दिंडोरीच्या बाजूला एका लहानशा वायनरीत वाईन बनवते. एका रविवारी ती घरी आली, वाकून नमस्कार केला, आणि आई चहा टाकायला आत गेल्याचं बघून हळूच म्हणाली,

"बाई, आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी मनमाड, नांदगाव, मालेगाव, कुठून कुठून लोक येतात. मी त्यांच्या हातात इंग्रजी कार्ड देते. त्यावर लिहिलंय, हनीसकलच्या फुलाचा सुगंध. आता हनीसकल त्यांनी कुठे बघितलंय? मला मराठी कार्ड हवंय. भाषांतर नको, नवीन. तुम्ही प्या आणि लिहा."

"अगं, मी आयुष्यात कधी प्यायलेली नाही."

"म्हणूनच तर! जे प्यायलेत ते सगळे एकसारखंच लिहितात."

तिच्या बोलण्यात मला खोट काढता येईना. शिवाय घरी बसून कंटाळाही आला होता. आईला सांगितलं, एका कारखान्याचं लिखाणाचं काम आहे. ते काही खोटं नव्हतं.

वायनरीत गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सकाळीच जिभेला नीट कळतं, दुपारी जेवण झाल्यावर नाही, असं तिने सांगितलं. दाराशी वायनरीचे मालक भेटले. मूळचे द्राक्ष बागायतदार. पांढरा सदरा, पायात चपला, आणि बोलणं मोकळं.

"या मॅडम, या. आमची पोरगी सांगत होती, तिच्या बाई येणार म्हणून. पण एक सांगून ठेवतो, आमच्या वाईनीला नावं ठेवायची नाय हां!" असं म्हणून स्वतःच खो खो हसले. माझ्या विद्यार्थिनीला ते 'आमची पोरगी'च म्हणतात.

पहिला ग्लास समोर आला. व्हिओनिए नावाच्या फ्रेंच जातीच्या द्राक्षांची पांढरी वाईन. पांढरी म्हणायची, पण रंग पांढरा नव्हताच. गव्हाच्या ताज्या काडावर ऊन पडलं की दिसतो तसा काहीसा. मी ग्लास उचलून तोंडाला लावणार, तेवढ्यात विद्यार्थिनीने माझं मनगट धरलं.

"आधी बघा. मग गोल फिरवा. मग हुंगा. प्यायचं सगळ्यात शेवटी."

मी फिरवला. थोडी साडीवर सांडली. मग नाक आत घातलं.

"काय वास येतोय?"

"छान येतोय."

तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मला माझाच वर्ग आठवला. "बाई, माझ्या निबंधातल्या प्रत्येक 'छान'खाली तुम्ही लाल रेघ मारायचात. छान म्हणजे काय, असं समासात लिहायचात."

मी परत नाक घातलं. काहीतरी फुलासारखं होतं. कुठलं फूल ते मात्र सांगता येईना. मोगरा? नाही, मोगरा थंड असतो. हा वास उबदार होता, जाड होता, त्यात पिकलेलं फळही होतं. मग घोट घेतला. तोंडात ती पाण्यासारखी पळाली नाही. जिभेवर तेलाचं बोट फिरावं तशी मऊ पसरली, आणि शेवटी अगदी किंचित कडू लागली.

"आता थुंका," ती म्हणाली आणि स्टीलची बादली पुढे केली.

आपल्या विद्यार्थिनीसमोर, मालकांसमोर, साडी नेसून, बादलीत थुंकायचं म्हणजे काय असतं ते मी इथे लिहीत नाही. मी गिळून टाकलं. तीन ग्लास झाल्यावर मला सगळंच फार सुंदर वाटायला लागलं, तेव्हा तिने मला खुर्चीत बसवून पोहे खायला घातले. पुढच्या वेळेपासून मी मुकाट्याने थुंकायला शिकले.

घरी निघताना तिने एका लहान बाटलीत नमुना भरून दिला, आणि एक काचेचा ग्लास कागदात गुंडाळून. बाटली मी फ्रिजमध्ये ताकाच्या भांड्यामागे ठेवली.

फूल कुठलं, ते काही डोक्यातून जाईना. हनीसकलला शब्दकोशात मधुमालतीसारखा काहीतरी शब्द सापडला. मधुमालती तर आमच्या सोसायटीच्या कंपाउंडवरच पसरलेली. तिचा वास संध्याकाळी सुटतो. म्हणून एका संध्याकाळी आई पोथी वाचत बसलेली बघून मी ग्लासात थोडी वाईन ओतली, पदराआड धरली आणि खाली गेले. भिंतीजवळ उभी राहून एकदा फूल हुंगायचे, एकदा ग्लास. परत फूल, परत ग्लास.

"मॅडम, बरं आहे ना सगळं?"

मागे सोसायटीचे चेअरमन उभे. रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी मनमाडला काढलेले गृहस्थ. सोसायटीत कुणी कुठे गाडी लावली यावर त्यांची करडी नजर.

"हो, बरं आहे."

"हातात काय आहे?"

खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे सांगून टाकलं. "वाईन आहे."

"इथे? कंपाउंडमध्ये?"

"पीत नाहीये. वास जुळवून बघतेय. हिचा आणि मधुमालतीचा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, आता सोसायटीच्या नियमांवर भाषण होणार. पण त्यांनी हात पुढे केला. "बघू."

त्यांनी ग्लास हुंगला. एक घोस खाली ओढून फुलं हुंगली. डोळे मिटून पुन्हा ग्लास. रेल्वेचा माणूस, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणार.

"नाही जुळत," ते गंभीरपणे म्हणाले. "हे फूल नुसतं गोड आहे. ग्लासात आणखी काहीतरी आहे."

"पण काय?"

"ते आता तुम्ही शोधा."

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून आईचा आवाज आला. "काय चाललंय तुमचं दोघांचं? काय पिताय?"

वर गेले आणि सगळं सांगितलं. आईने चष्मा काढून पोथीवर ठेवला. ऐंशी ओलांडलेली माझी आई उगाच आरडाओरडा करत नाही, ती प्रश्न विचारते.

"पितेस?"

"तोंडात घेते आणि थुंकते."

"थुंकायचं तर तोंडात घ्यायची कशाला?"

"चव बघायला."

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "म्हणजे आपण चटणीत मीठ झालंय का बघतो तसं. बरं. पण ताकामागे ठेवत जाऊ नकोस. मी परवा ती बाटली गुलाबपाणी समजून डोळ्याला लावणार होते."

पुढच्या आठवडाभरात मी नाशिकमधली सगळी फुलं हुंगली असतील. सायली, जाई, निशिगंध, शेजाऱ्यांच्या कुंडीतल्या लिंबाचा फुलोरा. लिंबाचा जवळ जायचा, पण त्यात ती ऊब नव्हती. एका गुरुवारी आईने देवासाठी फुलं आणायला सांगितली म्हणून फुलबाजारात गेले. पावसाळ्याचे दिवस. एका बाईकडून पानात बांधलेले चार सोनचाफे घेतले, पर्समध्ये टाकले आणि रिक्षात बसले. पावसामुळे रिक्षाचे पडदे खाली सोडलेले. रविवार कारंजाच्या चौकापर्यंत येईतो त्या बंद जागेत पर्समधून वास यायला लागला. उबदार, जाड, फुलाचा म्हणावा तर पिकलेल्या फळाचाही. मी पर्स उघडून त्यात तोंडच घातलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

घरी येऊन फ्रिजमधली बाटली काढली. उरलेली वाईन थोडी शिळी झाली होती, पण वास तोच होता. मी विद्यार्थिनीला फोन केला आणि नमस्कार-चमत्कार न करता ओरडले, "सोनचाफा!"

तिने मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग ती म्हणाली, "बाई, माझ्या मामांच्या दारात सोनचाफा होता. आणि मी इतकी वर्षं हनीसकल लिहितेय!"

इथवर सगळी गंमत होती. अवघड भाग पुढे आला.

बाटल्या भरायच्या आधी वाईन दोन प्रकारे मुरवलेली होती. काही स्टीलच्या टाकीत, काही ओकच्या लाकडाच्या पिंपात. ती पिंपं माझ्या विद्यार्थिनीचा जीव की प्राण. मालकांच्या मागे लागून लागून तिने ती आणवली होती. येताजाता त्यांच्यावरून हात फिरवायची. आता यंदाची वाईन कुठली भरायची ते ठरणार होतं, आणि मालकांनी मलाही बोलावलं. ग्लासांखाली चिठ्ठ्या चिकटवलेल्या, म्हणजे कुठल्यात काय आहे ते कुणालाच कळू नये. आम्ही तिघं टेबलाशी बसलो.

पहिला ग्लास हुंगला आणि सोनचाफा समोर उभा राहिला. मागे जर्दाळूचा गर, आणि घोटाच्या शेवटी संत्र्याच्या सालीसारखा नाजूक कडवटपणा. दुसरा ग्लास जास्त श्रीमंत होता. लोणी, व्हॅनिला, भाजलेला पाव. तोंडात भरून राहणारा. पण फूल? मी परत परत शोधलं. फूल खाली कुठेतरी दबून गेलं होतं.

मालकांनी थेट मलाच विचारलं. "मॅडम, तुम्ही बाहेरच्या. खरं सांगा. कुठली लय भारी?"

विद्यार्थिनीचा चेहरा बघितला आणि दुसरा ग्लास कशातला ते मला न सांगताच कळलं. ती त्याला हात लावून बसली होती. क्षणभर वाटलं, दोन्ही आवडल्या म्हणावं आणि सुटावं. पण तिने मला हे काम दिलं होतं ते यासाठी नाही.

"पहिली," मी म्हणाले. "दुसरी चांगली आहे, पण तिच्यात फुलावर खीर ओतल्यासारखं झालंय. फूल कुठलं ते विचारलं तर मला सांगता येणार नाही."

मालकांनी चिठ्ठ्या वाचून दाखवल्या: पहिली टाकीतली, दुसरी पिंपातली. विद्यार्थिनी उठून ग्लास धुवायला गेली. ग्लास तसे बरेच स्वच्छ होते.

नाशिकला मला सोडायला तीच आली. गाडीत एरवी तिची टकळी चालू असते. त्या दिवशी तिने बसल्याबसल्या रेडिओ लावला. मला फार वाईट वाटत होतं, आणि तरी शब्द परत घ्यावेसे वाटत नव्हते. सोसायटीच्या फाटकाशी उतरताना मी म्हणाले, "राग आला?"

"आला," ती सरळ म्हणाली. "पण तुमचा नाही. मला गेल्याच महिन्यात ते जाणवलं होतं. मी स्वतःलाच सांगत होते की अजून मुरली की फूल वर येईल."

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज पहिल्यासारखा मोकळा. सगळी टाकीतलीच वाईन घेतली तर ती जरा उघडी पडत होती, तोंडात भरत नव्हती, म्हणून तिने तिच्यात पिंपातली थोडीशी मिसळून बघितली होती. अगदी थोडी, वरणाला फोडणी द्यावी इतपत. "बाई, या आणि बघा. नाही आवडली तर तसं सांगा."

मी गेले. फूल होतं, आणि त्याला आता बसायला जागा मिळाली होती. मी तसं सांगितलं आणि ती टाळी वाजवून हसली. मालक म्हणाले, "मग आता कार्ड लिहा मॅडम, मार्केट तापलंय."

कार्डावर मी थोडंच लिहिलं. रंग, सोनचाफा, जर्दाळूचा गर, संत्र्याची साल. फार थंड पिऊ नका, वास झोपून जातो. एवढंच.

कार्डं छापून आल्यावरच्या रविवारी मी मुद्दाम वायनरीत गेले आणि काउंटरजवळ उभी राहिले. नांदगावहून एक जोडपं आलं होतं. नवऱ्याने कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं. बायकोने ग्लास हुंगला.

"सोनचाफा कसला? मला तर मधाचा वास येतोय."

"अगं, चाफाच आहे. नीट फिरव तो ग्लास."

"तुमच्या नाकाला सर्दी झालीय. मधच आहे."

मग दोघांनी ग्लासांची अदलाबदल केली आणि वाद आणखी वाढला. बाजूच्या टेबलावरचा एक माणूस उठून आला आणि म्हणाला की त्याला पिकलेल्या पपईचा येतोय. मी कार्ड लिहिलंय हे कुणालाच सांगितलं नाही. विद्यार्थिनीने काउंटरमागून माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी एक ग्लास मागून घेतला, हुंगला, घोट घेतला, आणि त्या दिवशी थुंकले नाही.